वाईट शिकवलेला विषय आपल्या क्रमाने शिकताना

इंजिनिअरिंगच्या प्रत्येक शाखेत एक तरी विषय असा असतो की त्याचं नाव काढलं की सीनियर गालातल्या गालात हसतात. मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रिकलला इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, आणि आम्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सिग्नल्स अँड सिस्टिम्स, म्हणजे वेळेनुसार बदलणारे सिग्नल आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या यंत्रणा यांचं गणित. ‘एकदा निघाला की सुटलास’ हा त्यांचा सल्ला. निघाला म्हणजे पास झाला. समजला का, हे कुणी विचारत नाही.

मला हा विषय ज्यांनी शिकवला ते सर माणूस म्हणून वाईट नव्हते. वेळेवर यायचे, हजेरी घ्यायचे, पडद्यावर स्लाइड लावायचे आणि ती वाचून दाखवायचे. सुरुवातीलाच इम्पल्सची व्याख्या आली: शून्यापाशी अनंत उंची, बाकी सगळीकडे शून्य, आणि तरी खालचं क्षेत्रफळ एक. असली चमत्कारिक गोष्ट कुणाला कशासाठी हवी असते, याबद्दल चकार शब्द नाही. लगेच पुढच्या स्लाइडवर कन्व्होल्युशनचं इंटिग्रल. एक सिग्नल उलटा करा, सरकवा, दुसऱ्याने गुणा, बेरीज घ्या. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “सर, पण उलटा का करायचा?” उत्तर आलं, “फॉर्म्युलाच तसा आहे.” त्यानंतर त्या वर्गात प्रश्न विचारणं जवळपास बंदच पडलं.

आज याच विषयावर माझं पोट चालतं, म्हणून मागे वळून पाहताना एक गोष्ट स्वच्छ दिसते. त्या तासांना चुकीचं असं काहीच शिकवलं गेलं नाही. स्लाइडवरचं प्रत्येक सूत्र बरोबर होतं. बिघडला होता तो क्रम. आधी उत्तर यायचं आणि प्रश्न येतच नसे. वाईट शिकवलेल्या बहुतेक विषयांचं दुखणं हेच असतं, आणि त्यावर विद्यार्थ्याच्या हातात असलेला इलाजही तिथेच आहे: प्रत्येक सूत्रामागचा प्रश्न आपण शोधायचा आणि विषय आपल्या क्रमाने लावून घ्यायचा.

त्याआधी एक खातरजमा मात्र करा. विषय वाईट शिकवला जातोय की फक्त अवघड आहे? दोन्हींत डोकं सारखंच दुखतं, त्यामुळे गल्लत होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे फार बोलका आहे. ज्यांना वर्गात स्वतः गणितं सोडवायला लावलं ती मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो. गुळगुळीत व्याख्यान ऐकणाऱ्यांचं नेमकं उलटं. म्हणजे वर्गात घाम फुटणं हा काही वाईट शिकवण्याचा पुरावा नव्हे. सर कोडी घालत असतील, चुकू देत असतील, मग सांगत असतील, तर तक्रार करू नका, नशीबवान आहात. वाईट शिकवणं ओळखायची माझी खूण साधी आहे: तासाला बसलात काय आणि त्याच स्लाइड्स नंतर एकट्याने वाचल्यात काय, फरक शून्य.

आणि अशा तासांना मुलं नापास होतात तेव्हा सगळं खापर मुलांच्या आळसावर फुटतं, ते काही खरं नाही. विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ साली निघाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गाच्या तुलनेत सुमारे दीडपट होती. सर पाट्या का टाकतात यालाही कारणं असतात: ऐनवेळी गळ्यात पडलेला विषय, बढतीत शिकवण्यापेक्षा शोधनिबंधांना मिळणारं वजन, आणि अभ्यासक्रमाची लांबी. हे कळलं की राग थोडा निवळतो. पेपर मात्र आपल्यालाच द्यायचा असतो.

तर क्रम लावायला घेऊ. पहिली पायरी कुणालाच आवडत नाही, पण ती मागे जाण्याची आहे. ‘सिग्नल्स डोक्यावरून जातो’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर सिग्नल्स अडवतच नसतो, मागचं गणित अडवत असतं. ऑयलरचं सूत्र, म्हणजे कॉम्प्लेक्स एक्स्पोनेन्शियल आणि साइन-कोसाइन यांचं नातं, भूमितीय श्रेढीची बेरीज, पार्शियल फ्रॅक्शन्स आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्स. एवढ्या चार गोष्टी हाताला बसलेल्या असतील तर या विषयातली निम्मी भीती गळून पडते. सर त्या ‘तुम्हाला येतातच’ असं धरून चालतात. वर्गात कुणीच हात वर करत नाही, मग प्रत्येकाला वाटतं फक्त मलाच येत नाही. आधी या चार गोष्टींची सोपी गणितं सोडवा. युनिट एकला हात नंतर लावा.

आता कन्व्होल्युशन. यावर जरा रेंगाळतो, कारण इथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

प्रश्न असा आहे: एखाद्या सिस्टिमला मी काहीही इनपुट दिलं तर आउटपुट काय येईल हे आधीच सांगता येईल का? शक्य तितक्या सगळ्या इनपुट्सची चाचणी घेणं तर अशक्य. पण सिस्टिम दोन अटी पाळत असेल, म्हणजे इनपुटांची बेरीज केली की आउटपुटांचीही बेरीज होते, आणि इनपुट उशिरा दिलं की आउटपुट तेवढंच उशिरा येतं, तर एकच चाचणी पुरते. एक क्षणिक धक्का द्यायचा आणि काय उमटतं ते नोंदवून ठेवायचं. तो धक्का म्हणजे इम्पल्स. रिकाम्या सभागृहात फुगा फोडून उमटणारे प्रतिध्वनी ध्वनिमुद्रित करतात ते यासाठीच. नंतर स्टुडिओत गायलेलं गाणं त्या सभागृहात गायल्यासारखं ऐकवता येतं. अनंत उंची वगैरे भानगड म्हणजे ‘अगदी क्षणिक’ या कल्पनेला गणिताने दिलेला पोशाख.

आता वही घ्या. इनपुट १, २, ३ असं तीन क्षणांना आलं. सिस्टिमला एकाचा धक्का दिला की ती लगेच २ देते आणि पुढच्या क्षणी १. मग पहिल्या क्षणी आउटपुट २. दुसऱ्या क्षणी नव्या २ चे ताजे ४ आणि जुन्या १ चं उरलेलं १, म्हणजे ५. तिसऱ्या क्षणी ६ आणि २, म्हणजे ८. चौथ्या क्षणी नवीन काही येत नाही, पण मागच्या ३ चं शेपूट बाकी आहे, म्हणून ३. उत्तर २, ५, ८, ३. सर्वांत ताज्या इनपुटला प्रतिसादाची सुरुवात भेटते आणि जुन्या इनपुटला त्याचं शेपूट, म्हणून एक यादी सरळ आणि दुसरी उलटी वाचावी लागते. मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. दोन मिनिटांचं काम.

आता १२३ ला २१ ने गुणून पाहा. २५८३. तेच आकडे. शाळेत आपण उभी मांडणी करून जो गुणाकार शिकलो तो म्हणजे कन्व्होल्युशनच, फक्त इथे हातचा घ्यायचा नसतो. मी हे ज्या ज्या ज्युनियरला दाखवलं त्याचा चेहरा आधी खुलला आणि मग तो चिडला, की हे आधी का नाही सांगितलं. पडताळाही सोपा: इनपुटची बेरीज ६, प्रतिसादाची ३, गुणाकार १८, आणि २, ५, ८, ३ यांची बेरीजही १८. पेपरात हा पडताळा शेवटच्या पाच मिनिटांत मार्क वाचवतो.

बाकीची साधनंही अशीच उलगडायची. प्रत्येक युनिट सुरू करताना वहीच्या डोक्यावर एक प्रश्न लिहा. फोरिअर: उष्णता पट्टीतून कशी पसरते हे मांडताना या फ्रेंच गणितज्ञाने कुठलाही आकार साइन-कोसाइनच्या बेरजेत मोडता येतो असं १८०७ साली म्हटलं, तेव्हा लाग्रांजसारख्या गणितज्ञाला ते पटलं नव्हतं. तुम्हाला पहिल्या तासाला पटलं नाही तर त्यात लाज कसली? प्रश्न असा, की गुंतागुंतीचा आकार सोप्या तुकड्यांत मोडला तर सिस्टिमने प्रत्येक तुकड्याचं काय केलं हे वेगवेगळं पाहता येईल का. लाप्लास: जे सिग्नल वाढतच जातात, ज्यांना फोरिअर पुरत नाही, त्यांचं काय करायचं. सॅम्पलिंग: अखंड सिग्नलचे ठरावीक ठिपके घेतले तर मधलं हरवतं का. याचं उत्तर, सिग्नलमधल्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने ठिपके घ्या, काही हरवत नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, हे एकदा शेजारी शेजारी लिहिलं की प्रमेय पाठ करावं लागत नाही.

हे संगणकावर करून बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पायथन आणि नमपाय, किंवा ऑक्टेव्ह, दोन्ही फुकट आहेत. ९०० हर्ट्झची साइन सेकंदाला १,००० नमुन्यांनी घ्या आणि आलेख काढा. पडद्यावर १०० हर्ट्झची लाट दिसेल. कुठलीही चूक न करता खोटं उत्तर मिळतं, हे डोळ्यांनी पाहिलं की अॅलिअसिंग, म्हणजे नमुने कमी पडल्याने वरची फ्रिक्वेन्सी खालच्या फ्रिक्वेन्सीसारखी दिसणं, जन्मात विसरत नाही. चौकोनी लाट साइनच्या बेरजेतून उभी करा आणि कडेपाशी लाटेच्या वर डोकावणारं टोक कितीही पदं वाढवली तरी खुजं होत नाही, उडीच्या सुमारे ९ टक्क्यांवर अडून राहतं, तेही बघा. प्रॅक्टिकलच्या फाईलमध्ये हेच प्रयोग असतात, पण तिथे आपण मागच्या वर्षीची फाईल उतरवतो. (सगळेच उतरवतात. उतरवल्यावर निदान एक प्रोग्राम तरी स्वतः चालवून, त्यातले आकडे बदलून बघा.)

व्हिडिओंबद्दल माझं मत थोडं कडू आहे. चांगली व्याख्यानं मोप उपलब्ध आहेत. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर याच विषयाची १९८७ साली चित्रित केलेली मालिका आजही तितकीच कामाची आहे. पण उत्तम शिकवणाऱ्याचा व्हिडिओ पाहताना मान डोलत राहते आणि कळल्यासारखं वाटतं. हार्वर्डच्या अभ्यासातला सापळा हाच. म्हणून व्हिडिओतलं गणित सुरू झालं की थांबवा, कोऱ्या कागदावर स्वतः सोडवा, अडलात की मगच पुढे बघा. आणि एकच मालिका धरा. पाच ठिकाणची पाच चिन्हपद्धती वाचून डोक्याचा भुगा होतो. कुणी फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये मांडतं, कुणी रेडियनमध्ये, आणि मधला २π कुठे गेला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

सरांना टाळू नका, हे सांगितलं तर मुलं हसतात. पण वर्गात स्लाइड वाचणारा माणूस केबिनमध्ये वहीवर वाकला की पुष्कळदा वेगळाच असतो. अट एक: ‘सर, काहीच समजलं नाही’ घेऊन जायचं नाही. अर्धवट सोडवलेलं गणित घेऊन जायचं आणि जिथे अडलं त्या ओळीवर बोट ठेवायचं. आमच्या त्या सरांनी लाप्लासचा रीजन ऑफ कन्व्हर्जन्स (कुठल्या किमतींना त्याचं इंटिग्रल मर्यादित उत्तर देतं तो भाग) मला केबिनमध्ये असा समजावला की मी बघतच राहिलो. वर्गात हे का नाही करत, असं विचारायचं धाडस झालं नाही, पण उत्तर दिसत होतं: समोर एक मुलगा आणि एकच शंका असली की त्यांना कुठून सुरुवात करायची ते कळायचं.

तक्रार करायचीच असेल तर सत्राच्या मध्यात करा. शेवटच्या फीडबॅक फॉर्मचा फायदा झाला तर पुढच्या बॅचला. ‘नीट शिकवत नाहीत’ या वाक्यावर कुणी काहीही करू शकत नाही. ‘दुसऱ्या युनिटमध्ये एकही गणित फळ्यावर सोडवलेलं नाही, दर आठवड्याला दोन सोडवून दाखवाल का’ यावर करू शकतं. वर्गप्रतिनिधीसोबत तीन-चार जणांनी जा, आधी सरांकडे, मग गरज पडली तर विभागप्रमुखांकडे. थेट वर गेलात तर सर दुखावतात आणि इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात असतात. हे न्याय्य नाही, पण आहे असं.

परीक्षेच्या बाबतीत फार सांगण्यासारखं नाही. जुने पेपर सोडवा, पण एखाद्या युनिटचा प्रश्न वहीवर लिहून झाल्यानंतर. आधीच जुन्या पेपरांवरून अभ्यास केला की सूत्र कुठल्या आकड्यांत बसवायचं एवढंच कळतं, आणि व्हायवात एक ‘का’ आला की पाटी कोरी.

शेवटी एक गोष्ट पुढच्या निवडीबद्दल. वाईट अनुभवानंतर मुलं ऐच्छिक विषय निवडताना डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, कंट्रोल, कम्युनिकेशन या सगळ्यांवर फुली मारतात. मीही मारणार होतो. आता मी मशीनची कंपनं मोजतो आणि त्यांचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे याचा आलेख, बघतो: मोटर मिनिटाला १,५०० फेरे फिरत असेल तर २५ हर्ट्झला उठणारं टोक रोटरचा तोल बिघडल्याचं सुचवतं, ५० ला उठलं तर शाफ्टची सरळ रेष तपासायची. आणि दोन टोकं एकमेकांच्या अर्धा हर्ट्झ जवळ असली तर निदान दोन सेकंदांचं रेकॉर्डिंग लागतं, त्याहून कमीत ती वेगळी दिसतच नाहीत. यातलं गणित तेच, त्या स्लाइडवरचं. तेव्हा ऐच्छिक विषयाच्या फॉर्मवर फुली मारण्याआधी त्या विषयाचं एक छोटं काम स्वतः करून बघा, मोबाइलवर एखाद्या पंख्याचा आवाज रेकॉर्ड करून त्याचा स्पेक्ट्रम काढण्याइतकं छोटं. ते करताना कंटाळा आला तर खुशाल दुसरा विषय घ्या. तो विषय कोण शिकवणार आहे, हे मात्र सीनियरला विचारून घ्या.