संवाद, गटकाम, अडचणीतून मार्ग : हे मोबाइलवरून कसं तपासायचं?

व्यवसाय प्रशिक्षणाच्या वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या गळ्यात पहिल्याच सत्रात एक काम पडतं. 'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स'चे, म्हणजे कुठल्याही नोकरीत लागणाऱ्या कौशल्यांचे, गुण भरा. वेल्डिंगचा सांधा डोळ्यांना दिसतो, शिलाई ओढून बघता येते. पण नीट बोलणं, गटात काम करणं, अडचण आली की मार्ग काढणं ही कौशल्यं एका कामातून दुसऱ्या कामात माणसासोबत जातात. त्यांचे गुण कशावरून द्यायचे? सोलापुरात हा विषय शिकवताना जे हाताला लागलं, ते नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे गूगल फॉर्मवर पर्यायी प्रश्नांची चाचणी. गुण आपोआप पडतात, शीटही तयार मिळते. तरीही ती वाट टाळा. 'चांगल्या श्रोत्याचे गुण कोणते?' याचं उत्तर पाठ करता येतं. तो मुलगा समोरच्याचं ऐकून घेतो का, हे त्यातून कळत नाही.

फॉर्म वापरायचाच तर त्यात प्रसंग घाला. माझा एक प्रसंग असा : टॉवेलचे गठ्ठे दहा वाजता ट्रान्सपोर्टला पोचवायचे आहेत, नऊला लाइट गेली, पॅकिंग अर्धवट आहे. आधी कोणाला फोन कराल? फॉर्ममध्ये उत्तरानुसार पुढचा विभाग उघडण्याची सोय आहे. पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला, फोन केला तर ती चिडते, ट्रान्सपोर्टवाल्याला केला तर तो तासभर थांबायला तयार होतो पण भाडं वाढवून मागतो. शेवटी एकच मोकळा प्रश्न ठेवा : असं का केलंत? खरं मूल्यमापन त्या उत्तरात असतं आणि ते स्वतः बसून वाचावं लागतं.

गटकामासाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती सामायिक गूगल शीट. गटाला एक काम द्या, सगळ्यांना एकाच शीटवर लिहू द्या आणि नंतर व्हर्जन हिस्टरी उघडा. कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. एक काळजी घ्या : 'लिंक असलेल्या कोणालाही' संपादनाची परवानगी दिली, तर लॉगिन न केलेली मुलं निनावी दिसतात आणि सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येकाच्या जीमेलवरच शीट शेअर करा.

एका गटाला टॉवेलचा माल गाडीने पाठवण्याचं नियोजन दिलं होतं. त्यातली एक मुलगी वर्गातल्या चर्चेत तोंडच उघडत नव्हती. नुसती चर्चा बघून गुण दिले असते, तर ती तळाला गेली असती. शीटच्या कॉमेंटमध्ये मात्र तिने विचारलं होतं, 'गाडी उघडी आहे, पाऊस आला तर माल कोणाच्या अंगावर?' त्यावर एका मुलाने ताडपत्रीचा खर्च टाकला. मग तिने त्याचीच ओळ दुरुस्त केली, कारण भाडं दोनदा धरलं गेलं होतं. दुरुस्तीआधी 'बदलू का?' असंही विचारलं होतं. धोका आधी ओळखणं आणि दुसऱ्याचं काम न दुखावता सुधारणं, दोन्ही तिथे लिहिलेलं होतं.

पण एवढ्यावर थांबू नका. टॉवेलचा धंदा तिच्या घरातलाच असेल, तर ते त्या धंद्याचं ज्ञानही असू शकतं. म्हणून तेच कौशल्य अगदी वेगळ्या कामात बघायचं. मी पुढचं काम सोलापूरच्या गड्डा यात्रेत पाण्याचा स्टॉल लावण्याच्या नियोजनाचं देते. तिथेही तिने गर्दी वाढली तर जार कुठून येतील, हा प्रश्न आधी काढला. आता मी तिच्या नावापुढे खात्रीने लिहू शकते. एकाच कामावरून असे गुण द्यायला माझा ठाम विरोध आहे.

पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2015 मध्ये मिळून समस्या सोडवण्याचं कौशल्य संगणकावर तपासलं गेलं, तेव्हा विद्यार्थ्याचे गटसाथी संगणकातलीच पात्रं होती. त्यामुळे सगळ्यांना सारखेच साथी मिळाले, तुलना सोपी झाली. आपल्या वर्गात साथी खरे असतात, रुसतात, गैरहजर राहतात. म्हणून गट बदलत ठेवा.

भाषेबद्दल कळकळीने सांगते. आपल्या वर्गात सोलापूर शहराच्या पूर्व भागातली तेलुगू घरांमधली मुलं असतात, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी असतात. आवाज ऐकून आपोआप गुण देणारी ॲप्स संवादकौशल्यासाठी वापरू नका. ती उच्चार मोजतात. त्यापेक्षा मुलाला काम समजावून सांगताना रेकॉर्ड करा आणि ऐकणाऱ्याला ते काम जमलं का, ते बघा. रेकॉर्डिंग दोन शिक्षकांनी स्वतंत्र ऐकावं, आधी ठरवलेल्या वर्णनांवर गुण द्यावेत, मग शेजारी ठेवून बघावेत. फरक मोठा आला, तर बहुतेक वेळा वर्णनच धूसर असतं. 'आत्मविश्वासाने बोलतो' यापेक्षा 'समोरच्याला समजलं नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगतो' असं लिहिलं की मतभेद कमी होतात.

व्हिडिओ मागवू नका, ऑडिओ पुरतो. फॉर्ममधून आलेल्या फाइली तुमच्याच ड्राइव्हमध्ये साठतात आणि फुकटची जागा 15 जीबीच आहे. बऱ्याच घरांत फोन एकच, तोही वडिलांसोबत कामावर जातो. म्हणून वर्गातल्या वेळेतच काम उरकेल असं बघा. मूल 18 च्या आतलं असेल तर पालकांची संमती आधी घ्या. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तसंच अपेक्षित आहे.

गुण भरून झाल्यावर प्रत्येकाला त्याची नोंद द्या, पण आकड्याऐवजी वाक्यांत : 'मालवाहतुकीच्या आणि यात्रेच्या अशा दोन्ही नियोजनांत धोका आधी दाखवून दिला.' सोबत शीटची लिंक जोडा. मुलाखतीत 'तुमची बलस्थानं सांगा' म्हटल्यावर मुलांना काय बोलावं सुचत नाही. ही दोन ओळींची नोंद मात्र ती घडाघडा सांगतात, कारण ते त्यांनी स्वतः केलेलं असतं.