रिक्षाची नंबर प्लेट खडखडते? आधी मागची फ्रेम नीट बसवा

रिक्षाच्या मागून खडखड येते आणि स्टँडवर जो तो सल्ला देतो. एक म्हणतो एमसील लाव, दुसरा म्हणतो तार बांध, तिसरा म्हणतो बोल्ट अजून आवळ. हे तिन्ही सल्ले मी ऐकले, तिन्ही करून पाहिले. एमसील पहिल्या उन्हाळ्यात सुटतं. तारेने प्लेटच्या कडा घासतात. आणि बोल्ट आवळल्यामुळे माझी प्लेट भोकापासून कडेपर्यंत तडकली आणि एके दिवशी रस्त्यात कुठेतरी पडली. मग पोलिसांत तक्रार, नव्या प्लेटची मागणी, आणि ती येईपर्यंत गाडी दारात उभी. त्या दिवसांचा धंदा बुडाला तो बुडालाच. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो. साताऱ्यात आमच्या स्टँडवरच्या बऱ्याच गाड्यांचं केलं आहे.

मूळ गोष्ट अशी, की जुन्या रंगवलेल्या पाट्या ज्याने त्याने आपापल्या मापाने केलेल्या होत्या आणि फ्रेम त्या पाटीला बेतलेली होती. आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट (एचएसआरपी) आली. तीनचाकीला तिचं माप ठरलेलं आहे, २०० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते, त्याआधीच्या गाड्यांना मागाहून बसवावी लागते. घाई असलेला माणूस नवी लहान प्लेट जुन्या मोठ्या फ्रेममध्ये दोन लॉक मारून मोकळा होतो. वरची कड धरलेली, खालची कड वाऱ्यावर. त्यात आपल्या गाडीचं एका सिलिंडरचं इंजिन मागेच, प्लेटपासून हातभर अंतरावर. दिवसभर ते थरथरतं आणि ती थरथर सगळी त्या दोन भोकांवर येते.

प्लेटचा यात काही दोष नाही. म्हणून प्लेटला हात लावायचा नाही. तिला नवीन भोक पाडायचं नाही, तिची कड वाकवायची नाही, तिला कानस लावायची नाही. जे काही करायचं ते तिच्या मागे.

आधी लॉक कुठे आहेत ते बघा

या प्लेटचे लॉक एकदाच बसतात. काढायचे म्हणजे तोडायचे, आणि तोडलेला लॉक परत वापरता येत नाही. म्हणून वाकून नीट बघा. लॉक फक्त फ्रेमपर्यंत गेले असतील आणि फ्रेम वेगळ्या नट-बोल्टने गाडीला धरली असेल, तर तुमचं नशीब चांगलं. फ्रेमचे बोल्ट सोडा, प्लेटसकट फ्रेम हातात येते, लॉक शाबूत राहतात. मग पुढे जिथे बेस म्हटलं आहे तिथे हीच फ्रेम धरा आणि आधार तिला द्या.

लॉक फ्रेममधून आरपार थेट गाडीच्या पत्र्यात गेले असतील तर ते घरी तोडू नका. लॉक तुटलेली प्लेट दिसली की पासिंगला आणि रस्त्यावर दोन्हीकडे प्रश्न येतात. अशा गाडीला दोनच मार्ग. तात्पुरतं म्हणून रबराच्या चकत्यांना एका बाजूने चीर द्या, यू आकाराच्या करा, आणि पत्रा हलकेच ओढून लॉकच्या दांड्याभोवती मागून सरकवा. खडखड थांबते. पण कायमचं करायचं तर खाली सांगितल्यासारखा बेस तयार करून प्लेट बसवणाऱ्या अधिकृत केंद्रावर घेऊन जा, आणि नवे लॉक त्या बेसवर मारून द्यायला सांगा. ज्यांची प्लेट अजून बसायची आहे त्यांनी तर बेस आधी करून मगच जावं. महाराष्ट्रात तीनचाकीच्या प्लेटला ५०० रुपये आणि वर जीएसटी पडतो. तेवढे पैसे मोजल्यावर तिथे उभं राहून नीट बसवून घ्यायचा हक्क तुमचा आहे.

बेस

दीड मिलिमीटरचा लोखंडी किंवा दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा, २६० बाय १००. मधले २०० प्लेटचे, दोन्ही बाजूंना ३०-३० चे कान. प्रत्येक कानाला वर एक, खाली एक अशी चार भोकं, ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी. कुठलाही फॅब्रिकेशनवाला कापून देतो. लोखंड असेल तर रेड ऑक्साइड आणि वर रंग, कापलेल्या कडांनाही. कोकणातल्या गाड्यांना मी ॲल्युमिनियम आणि स्टेनलेसचेच बोल्ट सांगतो, खारं वारं साधं लोखंड फार दिवस टिकू देत नाही.

प्लेट बेसला धरायची आणि बेस कानांनी गाडीला धरायचा, हे या सगळ्या कामाचं सूत्र आहे. पुढे कधी डेंटिंग-पेंटिंग निघालं, टेल लॅम्प बदलायचा झाला, तर दहाच्या पान्याने चार बोल्ट सोडले की झालं. लॉकला कुणी बोट लावत नाही.

बाजारात मिळणाऱ्या चकचकीत प्लास्टिकच्या फ्रेम मी कुणाला घेऊ देत नाही. त्यांची कड प्लेटच्या पुढच्या बाजूला येते. आपल्या प्लेटवर डाव्या बाजूला वर अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या अक्षरात आयएनडी आणि खालच्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला क्रमांक असतो. तिन्ही खुणा डाव्या कडेलाच. फ्रेमची कड जरा रुंद असली की तो लेझर क्रमांक पहिला झाकला जातो. प्लेटच्या समोर काहीही येता कामा नये.

पत्रा सपाट नसतो, सगळं इथेच बिघडतं

बेस करणं सोपं आहे. तो गाडीला बसवणं अवघड आहे, आणि माझी पहिली प्लेट याच जागी गेली.

रिक्षाचा मागचा पत्रा लांबून सपाट दिसतो. पट्टी लावून बघा. कुठे गोलाई असते, कुठे दाबलेली घडी असते, कुठे कुणीतरी सिग्नलला मागून टेकवल्याचा खळगा असतो. सपाट बेस अशा पत्र्यावर ठेवला की तो एक-दोन ठिकाणीच टेकतो. बाकीच्या कोपऱ्यांखाली पोकळी राहते. आता तुम्ही पाना घेऊन चारही बोल्ट आवळले, तर बेस पत्र्याच्या आकाराप्रमाणे वाकतो आणि त्याच्यावरची प्लेटही पिळली जाते. डोळ्यांना काही दिसत नाही. खडखडही थांबते, म्हणून माणूस खूश होतो. पण पिळलेल्या प्लेटला इंजिनाची थरथर लागली की भोकाच्या काठाला केसासारखी चीर पडते आणि ती रोज थोडी थोडी पुढे सरकते. माझ्या गाडीला तीन महिने लागले. म्हणून आवाज थांबला याचा अर्थ काम झालं असा घेऊ नका.

उपाय म्हणजे प्रत्येक कोपऱ्याखालची पोकळी मोजायची आणि तेवढ्याच उंचीचा आधार द्यायचा. मोजायची कशी? मी पट्टी आत घालून बघितली, पुठ्ठ्याच्या घड्या घालून बघितल्या, नीट माप मिळालं नाही. शेवटी कणकेने काम झालं.

घरून पोळ्यांच्या कणकेतल्या सुपारीएवढ्या चार गोळ्या घ्या. जरा घट्ट भिजवलेली हवी, सैल कणीक दाब काढला की बसते. प्रत्येक गोळी प्लास्टिकच्या पातळ पिशवीच्या तुकड्यात गुंडाळा म्हणजे चिकटणार नाही. गाडी सपाट जागी उभी करा. चार गोळ्या पत्र्यावर कानांच्या भोकांजवळ चिकटपट्टीने लावा आणि बेस त्यांच्यावर दोन्ही हातांनी सावकाश दाबत न्या. कुठेतरी बेस पत्र्याला टेकेल, तिथे थांबा. आता दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा करा आणि दुसऱ्या माणसाला तो बेसच्या बाजूला धरायला सांगा. बेस उभा सरळ आहे का बघा. प्लेट आकाशाकडे किंवा जमिनीकडे बघत असेल तर त्या बाजूने थोडं सोडा किंवा दाबा. ओळंब्याशी बेस जुळला की अलगद काढून घ्या.

पत्र्यावर चार चपट्या गोळ्या राहतात, चारही वेगवेगळ्या जाडीच्या. सुरीने मधोमध कापा आणि पट्टीवर जाडी मोजा. माझ्या गाडीला वरच्या डाव्या कोपऱ्यात जवळजवळ काहीच नव्हतं, वर उजवीकडे ४ मिलिमीटर, खाली डावीकडे ७ आणि खाली उजवीकडे तब्बल ११. मी जन्मभर जो पत्रा सपाट समजत होतो त्यात ११ मिलिमीटरचा फरक होता.

या चारही मापांत ३ मिलिमीटर मिळवा, कारण जिथे बेस टेकला तिथेही धातूला धातू लागू द्यायचा नाही. वर आणखी एक मिलिमीटर, रबर दबतं त्याचा. ही तुमच्या चार आधारांची उंची.

इथे आणखी एक चूक होते, तीही मी केलेली आहे. मी ११ च्या कोपऱ्यात नुसत्या रबराच्या चकत्यांची चळत लावली. बोल्ट आवळला तेव्हा घट्ट वाटलं, पण गाडी सुरू केल्यावर तो कोपरा डोलायला लागला. उंच रबर आडवं झुलतं. म्हणून ६ मिलिमीटरपर्यंत नुसतं रबर चालेल, ट्रकच्या जुन्या ट्यूबचं कापा, ते जाड आणि चिवट असतं. त्याहून जास्त उंची हवी असेल तर मधे ॲल्युमिनियमच्या पाइपचा तुकडा घाला आणि त्याच्या दोन्ही तोंडांना एकेक रबर. पाइपची दोन्ही तोंडं कानशीने एका पातळीत करा. तिरकं तोंड राहिलं तर पुन्हा तोच पीळ येतो.

भोकं जुळत नाहीत

जुळणारच नाहीत. बेसच्या कानांची भोकं गोल कानशीने आडवी लांबवा, ६ ची ६ बाय १२ करा, आणि वर ती पूर्ण झाकेल असं रुंद वॉशर टाका. गाडीच्या पत्र्याला नवीन भोक पाडायची वेळ आलीच, तर पत्र्यामागे काय आहे ते टॉर्च लावून डोळ्यांनी बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका. टेल लॅम्पची वायर जवळूनच जाते, आणि सीएनजी गाडीला गॅसची नळी कुठून गेली आहे ते तुम्हाला स्वतःला माहीत असलं पाहिजे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, बॅटरीची तार काढा. मागची बाजू दिसतच नसेल तर तिथे भोक नको, जागा बदला. नव्या भोकाच्या काठाला रंग लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज धरतो.

आवळणं

बोल्ट बाहेरून, मग साधं वॉशर, कान, आधार, गाडीचा पत्रा, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला. स्प्रिंग वॉशर रबरावर काही कामाचं नाही, या थरथरीत तो नट सुटतो. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. तिरपे तिरपे, प्रत्येकाला अर्धा फेरा. रबर वॉशरच्या कडेने जरासं फुगून बाहेर आलेलं दिसलं की हात थांबवा. स्टीलची पट्टी बेसच्या वरच्या आणि खालच्या कडेवर धरा. खालून उजेड दिसला तर बेस वाकलाय, त्या कोपऱ्याचा आधार बदला. पाना मारून उजेड बुजवू नका.

मग चारही कोपऱ्यांवर बोटाच्या पेराने टिचकी मारा. भरल्या माठासारखा ठप्प आवाज यायला हवा. एखादा कोपरा खणखणला तर तिथलं रबर टेकलेलं नाही. इंजिन सुरू करा, एकदा संथ आणि एकदा रेस देऊन प्रत्येक कोपऱ्यावर बोट टेकवून बघा. चारही कोपऱ्यांना सारखी थरथर लागली पाहिजे. एकाच ठिकाणी बोटाला मुंग्या आल्यासारखं झालं तर तो आधार पुन्हा उघडा.

दिवा

हे सगळे विसरतात. आधारांमुळे प्लेट पत्र्यापासून पुढे येते आणि वरच्या छोट्या दिव्याचा उजेड तिच्या मागे पडायला लागतो. नियमाप्रमाणे मागचा नंबर पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. रात्री दिवे लावा, मोठी वीस पावलं मागे चाला आणि वाचा. वाचता आला नाही तर दिव्याची पट्टी पुढे वाकवा.

आठ दिवसांनी, खड्ड्यांतून धंदा झाल्यावर, चारही नटांना एकदा पाना लावून बघा. रबर बसलेलं असतं, पाव फेरा हमखास मिळतो. त्यानंतर मी दर पावसाळ्याआधी एकदा बघतो. ट्यूबचं रबर चिरा पडलेलं दिसलं की चारही एकदम बदलतो, त्यासाठी जुन्या ट्यूबचा तुकडा सीटखाली ठेवलेलाच असतो.