डिसॅबिलिटी पेन्शनची केस अडकलीय? तोवर घर आणि माणूस कसं सांभाळायचं

आमचे हे २०२१ ला सैन्यातून हवालदार म्हणून पेन्शनवर आले, २४ वर्षं सर्व्हिस करून, आणि येताना बीपी घेऊन आले. भरतीच्या मेडिकलला काहीच नव्हतं, बीपी पहिल्यांदा निघालं ते सतराव्या वर्षी, फील्डमधून, म्हणजे कठीण भागातल्या पोस्टिंगवरून, पीस स्टेशनला, म्हणजे शांत जागी आल्यावर चार महिन्यांत. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे नोकरी सोडताना तपासणाऱ्या सैन्याच्या डॉक्टरांनी, ३० टक्के डिसॅबिलिटी लिहिली आणि खालीच लिहिलं की हा आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. झालं, डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे नोकरीमुळे झालेल्या किंवा वाढलेल्या आजारासाठी मिळणाऱ्या पैशाचा, क्लेम रिजेक्ट. मग पहिलं अपील, दुसरं अपील, आणि आता केस मुंबईला ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सैन्यदलाच्या वेगळ्या कोर्टात आहे. एवढ्या वर्षांत घरात काय काय होतं ते मी बघितलंय, म्हणून ज्यांच्या घरी अशी फाईल आहे त्यांच्यासाठी लिहितेय, फौजीसाठी पण आणि त्याच्या बायकोसाठी तर नक्कीच.

आधी त्या एका ओळीचा अर्थ घरात सगळ्यांनी नीट समजून घ्या. आमच्याकडे हे रात्री जेवण झालं की काळी ट्रंक उघडायचे, ते पत्र काढायचे, तीच ओळ वाचायचे आणि परत घडी घालून ठेवायचे. घडीवर कागद फाटायला आला होता. मला वाटायचं पैशाचं दुःख आहे, पण ते नव्हतं, ते एकदा म्हणाले की चोवीस वर्षं काय केलं मग मी? त्यांनी ती ओळ म्हणजे आख्ख्या नोकरीवर मारलेला शेरा समजली होती. तसं नाहीये ते. तो फॉर्ममधला एक रकाना आहे, डॉक्टर नियमाचं पुस्तक बघून तो भरतात, आणि तो आजाराबद्दल असतो, माणसाबद्दल नसतो. आणि तो रकाना म्हणजे शेवटचा शब्द पण नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ ला धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा ठणठणीत होता असंच धरायचं, नंतर तब्येत बिघडली तर नोकरीचा संबंध नाही हे सरकारने दाखवायचं, आणि शंकेचा फायदा जवानाला द्यायचा. धरमवीर सिंग सिग्नल कोअरमधले शिपाई होते, ९ वर्षांच्या सर्व्हिसनंतर फिट्समुळे घरी पाठवले गेले होते. (२१ सप्टेंबर २०२३ नंतर रिटायर झालेल्यांना नवीन नियम आहेत, त्यांनी ते वकिलाकडून वेगळे समजून घ्या.) मी हे सगळं ह्यांना मराठीत करून मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांनी मला दोनदा परत वाचायला लावलं. तुमच्या घरी पण असं कोणीतरी वाचून दाखवा, नुसतं टेन्शन घेऊ नका म्हणून काही होत नाही.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट, केसला आठवड्यातला एकच वार द्या. आमचा गुरुवार. त्याआधी काय व्हायचं, रात्री अडीचला जाग आली की गोधडीतच मोबाईल चालू, स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलला लॉगिन, तिथे कालचंच स्टेटस, मग झोप नाही आणि सकाळी मशीनवर १६० वर १००. म्हणजे ज्या बीपीसाठी भांडतोय तेच बीपी वाट बघण्यानं वाढत होतं. मग ठरवलं, गुरुवारी दहा ते बारा, त्यातच पोर्टल, त्यातच वकिलाला फोन, त्यातच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं असेल तर जायचं. एक दोनशे पानी वही केली, तारीख, कोणाशी बोललो, काय म्हणाले, पुढे काय करायचं, एवढंच लिहायचं आणि बारा वाजता वही ट्रंकेत. बाकी दिवशी पाहुणा विचारू दे नाहीतर शेजारी, उत्तर एकच, गुरुवारी बघू. लगेच नाही जमलं हां, अंगवळणी पडायला दोन महिने गेले, आणि पहिले काही दिवस रात्री मोबाईल माझ्या उशाखाली ठेवावा लागला.

वाट बघण्यातला अर्धा त्रास आपल्या हातात काय आहे हे माहीत नसल्याचा असतो. म्हणून मुदती कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवा. रिजेक्शनचं पत्र आल्यापासून ६ महिन्यांत पहिलं अपील. अपील करून ६ महिने झाले आणि काहीच उत्तर नाही तर ट्रिब्युनलला जाता येतं, बसून राहायची गरज नाही. मेडिकल बोर्डाची प्रत हातात नसेल तर माहिती अधिकारात मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सगळ्याच्या दोन झेरॉक्स, ओरिजिनल कोणालाही द्यायचं नाही, अगदी ओळखीच्या माणसाला पण नाही.

पैशाचं. हे पैसे येणारच असं धरून एक रुपया खर्च करू नका. सासरच्या एकांनी सुचवलं होतं की एरिअर्स, म्हणजे मागची थकबाकी येणारेय ना, बोअरसाठी कर्ज काढा, मी नाही म्हटलं आणि तेव्हा वाईटपणा आला, पण आज बरं वाटतं. हिशोब मात्र एकदा करून ठेवा म्हणजे लाखांच्या गप्पा थांबतात. १०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के धरतात, आमच्यासारख्या केसमध्ये ३० टक्क्यांचे राउंड होऊन ५० होतात, म्हणजे त्या ३० च्या निम्मे, पगाराच्या १५ टक्के महिन्याला. आणि जेवढा उशीर कराल तेवढा मागचा पैसा जातो, कारण उशिरा कोर्टात गेलं तर साधारण मागच्या तीनच वर्षांचा फरक मिळतो. मिळतील त्यातले एवढे टक्के द्या असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा, वकिलाला अशी टक्केवारीवर फी ठरवणं नियमानेच चालत नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, बायका आणि अपंग व्यक्तींना फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

माजी सैनिकांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतं की अमक्याचं सहा महिन्यात झालं. ते वाचून ह्यांचा दिवस जायचा. ग्रुप म्यूट केला आणि त्याऐवजी पलटणीतल्या एकाला रविवारी फोन, ज्याची केस पण चालू आहे. त्यांचं अर्धं बोलणं जुन्या पोस्टिंगचं असतं, ते असू द्या, तेच औषध आहे.

गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि पॉलिक्लिनिकला, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेल्यावर झोप येत नाही हे पण सांगायचं, फक्त बीपी दाखवून यायचं नाही. कँटीनच्या कोट्याबद्दल, म्हणजे तिथून मिळणाऱ्या दारूबद्दल पण बोलते, कोणी बोलत नाही म्हणून. वाट बघण्याच्या दिवसांत संध्याकाळचं पिण्याचं प्रमाण वाढतं. आमच्याकडे वाढलं होतं. त्यावर रात्री भांडून काही होत नाही, सकाळी शुद्धीत असताना, पोरं शाळेत गेल्यावर बोला.

आणि एक वाक्य लक्षात ठेवा. एका संध्याकाळी हे म्हणाले, माझ्यामागे तुला फॅमिली पेन्शन तरी सुरळीत मिळेल. आवाज एकदम शांत होता. असं वाक्य आलं तर रागात बोलले असतील म्हणून सोडून देऊ नका, त्या रात्री माणसाला एकटं ठेवू नका, आणि सरळ विचारा की मनात काय चाललंय. विचारल्याने काही वाढत नाही. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलतात, आणि सैन्यदलासाठी त्यांचा वेगळा सेल डिसेंबर २०२३ पासून पुण्यात एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात आहे. मी आधी स्वतःसाठीच फोन केला होता, मोरीत जाऊन, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दुसऱ्या आठवड्यात हे स्वतः बोलले, पंचवीस मिनिटं.

तारखेचं शेवटी सांगते. मुंबईला तारीख असली की निकालच आहे असं समजून घर दोन दिवस आधीपासून श्वास रोखून बसतं, आणि मग कळतं की पुढची तारीख पडली. म्हणून निघतानाच ठरवून टाका की आज पुढची तारीखच मिळणार आहे, आणि परत आल्यावर दारात कोणी काही विचारायचं नाही. पोरांना तसं सांगून ठेवलंय. पाय धुवून, भाकरी खाऊन झाली की ते आपणहून वही काढतात आणि तारीख लिहितात.