सीमाभागातून दुबईच्या स्वयंपाकघरात येणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांतून दुबईला स्वयंपाकाच्या कामासाठी येणाऱ्या मुलांचा मार्ग बहुधा एकच असतो. चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचे, कळंगुट-बागा पट्ट्यातील एखाद्या हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात करायची, दोन-तीन हंगामांत कॉमी (शेफच्या हाताखालचा सर्वांत धाकटा स्वयंपाकी) व्हायचे आणि कुणाच्या ओळखीने दुबईचे नाव कानावर आले की पासपोर्टासाठी धावपळ करायची. हा मार्ग चांगलाच आहे, कारण गोव्याच्या गर्दीच्या हंगामात जो टिकतो त्याला इकडच्या कामाचा रेटा जड जात नाही. मुले फसतात ती कामात नव्हे, कागदात. दुबईत बरीच वर्षे काढल्यानंतरही आपल्याकडून येणारी मुले त्याच त्या ठिकाणी अडकताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे व्हिजिट व्हिसावर कामाला येऊ नका. "आधी व्हिजिटवर या, तिकडे पोहोचल्यावर महिन्याभरात व्हिसा बदलून देऊ" असे सांगणारा एजंट ओळखीचा असो, गावातला असो की नात्यातला असो, त्याला स्पष्ट नकार द्या. खानापूर तालुक्यातील एक उत्तम तंदूर कारागीर असाच आला होता. वडिलांनी सोने गहाण ठेवून एजंटाला पैसे दिले होते. येथे आल्यावर त्याला एका रेस्टॉरंटमध्ये उभे केले, काम भरपूर करून घेतले आणि पगाराचा विषय निघाला की "तुझा व्हिसा प्रोसेसमध्ये आहे" एवढेच उत्तर मिळत गेले. व्हिसाची मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहॅम याप्रमाणे दंड चढू लागला. तक्रार करण्याचीही सोय नव्हती, कारण कायद्याच्या दृष्टीने तो कामगारच नव्हता. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनुसार एक लाख ते दहा लाख दिरहॅम दंड होऊ शकतो हे खरे, पण पकडल्यावर देशाबाहेर पाठवले जाते ते कामगाराला. पुन्हा सांगतो, कामाचा प्रवेश परवाना हातात आल्याशिवाय विमानात बसू नका.

एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते आणि नोंदणीकृत एजंटाला भारतीय नियमांनुसार ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढीच फी घेता येते. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे तर भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा असतो. तेव्हा दीड-दोन लाख मागणारा माणूस कशाचे पैसे मागतो आहे, याचा घरात बसून शांतपणे विचार करा. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टावर ईसीआरची (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) नोंद असते आणि त्यांना अमिरातीत कामाला जाण्यापूर्वी एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी) घ्यावा लागतो. ही पायरी चुकवण्यासाठीच अनेकांना व्हिजिटवर पाठवले जाते. क्लिअरन्ससाठी काढावा लागणारा प्रवासी भारतीय विमा अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण देतो. तो सोडून देण्यासारखा नाही.

दुसरी गोष्ट ऑफर लेटरची. ते अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळू शकते, तसे मागून घ्या आणि सही करण्यापूर्वी त्यातील बेसिक पगाराचा आकडा बघा. आपली मुले एकूण रक्कम पाहून खूश होतात. १,८०० दिरहॅम पगार ठरला आणि त्यात बेसिक १,००० असेल, बाकीचे भत्ते असतील, तर नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त त्या १,००० वर मोजली जाते. वर्षभर काम पूर्ण केल्यानंतर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचे बेसिक, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचे, असा नियम आहे. १,००० बेसिकवर पाच वर्षांचे ३,५०० दिरहॅम होतात, तर १,८०० बेसिकवर ६,३००. ओव्हरटाइमचा दरसुद्धा बेसिकवरच ठरतो : साधारण वेळेत २५ टक्के जास्त, रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत ५० टक्के जास्त. राहण्याची जागा, जेवण, जाण्यायेण्याची गाडी आणि वर्षाची ३० दिवसांची रजा हे सर्व कागदावर लिहिलेले असावे. तोंडी शब्द देणारा मॅनेजर सहा महिन्यांत बदलून जातो.

पासपोर्टासाठी आता बेंगळुरूला जावे लागत नाही, बेळगावच्या पोस्टातील केंद्रातच काम होते. मात्र नावाची काळजी घ्या. आपल्याकडील शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असते, एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या) गुणपत्रिकेवर कधी केवळ आद्याक्षरे असतात आणि कन्नडमधून इंग्रजीत उतरलेले स्पेलिंग आधार कार्डाशी जुळत नाही. पासपोर्टावर एकाच शब्दाचे नाव असेल तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून अमिरातीच्या विमानतळावर अडवतात. म्हणून नाव आणि आडनाव असे दोन्ही रकाने भरलेले असू द्या आणि गोव्यातील हॉटेलांचे अनुभवाचे दाखलेही त्याच स्पेलिंगमध्ये घ्या. निवासी व्हिसासाठी येथे रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे होतो. पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर गोव्यातील नोकरी सोडण्यापूर्वी बेळगावातच एक्स-रे काढून डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता बॅग भरण्याविषयी, आणि हे घरातील आयाबहिणींनाही वाचून दाखवा. अमिरातीत खसखस हा अमली पदार्थ मानला जातो. घरातून निघताना आई प्रेमाने डिंकाचे लाडू, अनारसे, घरचा मसाला बांधून देते आणि गोकाकहून आणलेल्या करदंटाचा डबा वर ठेवते. यांपैकी अनेक पदार्थांत खसखस असते. करदंटात ती डिंक आणि सुक्या खोबऱ्याबरोबर मिसळलेली असल्यामुळे चटकन लक्षातही येत नाही. थोडीशी खसखस सापडली म्हणूनही माणसे तुरुंगात गेली आहेत. खाण्याचे न्यायचेच असेल तर कुंदा न्या, खसखस न घातलेली शेंगदाण्याची चटणी न्या. खोकल्याचे कोडीन असलेले औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी परवानगीशिवाय अजिबात आणू नका.

कामाच्या पहिल्या आठवड्यात चवीपेक्षा तापमान आणि लेबल यांवरच तुमची परीक्षा होते. कढईवर तुमचा हात कितीही चालत असला, तरी रात्री उरलेल्या दाल मखनीचे मोठे पातेले झाकण घालून ओट्यावर ठेवून गेलात तर दुसऱ्या दिवशी सू शेफ (मुख्य शेफच्या खालचा शेफ) तुम्हाला बोलावणारच. ती दाळ उथळ ट्रेमध्ये ओतायची, ब्लास्ट चिलर (झपाट्याने थंड करणारे यंत्र) असेल तर त्यात, नसेल तर बर्फावर ठेवायची, मधूनमधून ढवळायची आणि थर्मामीटरची सळई मधोमध घालून बघायची. ६० अंशांवरून २० अंशांच्या आसपास दोन तासांत आणि पुढील चार तासांत ५ अंशांखाली आली पाहिजे. मग पदार्थाचे नाव, तारीख, वेळ आणि स्वतःची सही असलेले लेबल चिकटवायचे. लेबल नसलेला डबा तपासणीत सरळ कचऱ्यात जातो आणि तो कोणाच्या सेक्शनचा होता हे सर्वांना कळते.

भाताच्या बाबतीत तर घरची सवय पूर्णपणे सोडावी लागते. रात्रीचा भात बाहेर ठेवून सकाळी फोडणी देणे आपल्या प्रत्येक घरात चालते. परंतु शिजवल्यानंतरही तग धरणारे काही जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. एखाद्या पाहुण्याला उलट्या झाल्या तर पालिकेचा तपासनीस दारात उभा राहतो.

शेंगदाण्याविषयी याहूनही जास्त जपा. आपण सीमाभागातील माणसे आमटीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यांत दाण्याचे कूट घालतो, ते हाताला इतके सवयीचे आहे की घातल्याचे भान राहत नाही. येथे येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असली तर एका चमच्याने जीव जाऊ शकतो. ऑर्डरच्या चिठ्ठीवर अॅलर्जी लिहून आली की हातातील काम थांबवा, मोठ्याने परत वाचून दाखवा, स्वच्छ बोर्ड, स्वच्छ सुरी, वेगळा तवा घ्या. शंका असेल तर "माहीत नाही, विचारून सांगतो" असे म्हणा. या वाक्यामुळे कुणाचीही नोकरी गेलेली मी पाहिलेली नाही.

घरी माळ असेल किंवा गोमांसाला हात लावणे शक्य नसेल तर ते मुलाखतीतच सांगा. भारतीय रेस्टॉरंटमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, पण मोठ्या हॉटेलात सेक्शन बदलतात आणि तेथे ऐनवेळी नकार दिल्यास सहकाऱ्यांवर भार पडतो. "मी ऑलराउंडर आहे" असेही सांगू नका. तंदूर, करी, हलवाई किंवा साउथ इंडियन यांपैकी एका सेक्शनमध्ये तुमचा हात पक्का असेल तरच कॉमीचा डेमी शेफ (कॉमीच्या वरची पायरी) आणि पुढे सीडीपी (एका सेक्शनचा प्रमुख शेफ) होतो.

आपल्या मुलांविषयी माझी एक तक्रार आहे, ती मोकळेपणाने मांडतो. कन्नड येत असूनही ती येत नसल्यासारखे वागणारे बरेच जण पाहिले. सीमाप्रश्नावर तुमचे मत काहीही असो, माझेही ठाम आहे, पण दुबईतील कितीतरी उपाहारगृहे उडपी-मंगळूरकडील माणसे चालवतात आणि त्यांच्याशी दोन वाक्ये कन्नडमध्ये बोलल्याने पुढच्या नोकरीचे दार उघडते. मराठी, कन्नड, हिंदी आणि गोव्यात कानावर पडलेली कोकणी एवढ्या भाषा घेऊन येणारा कामगार येथे दुर्मीळ आहे. केरळी आणि नेपाळी सहकाऱ्यांकडून शिकण्यासारखे खूप आहे. विशेषतः केरळची मुले एकमेकांना नोकऱ्यांची माहिती वेळेवर देतात, आपण ती दडवून ठेवतो.

पैशांचे थोडक्यात. पगार बँकेमार्फतच घ्या. बेकारी विमा सक्तीचा आहे, बेसिक १६,००० दिरहॅमपर्यंत असल्यास महिन्याला फक्त ५ दिरहॅम लागतात, तो स्वतःच काढायचा असतो आणि न काढल्यास ४०० दिरहॅम दंड बसतो. गावाकडे पाठवलेले पैसे एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यात ठेवा. जास्त व्याजाच्या आशेने पतसंस्थेत सर्व ठेव टाकू नका, कारण बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण पतसंस्थांना लागू नाही.

पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बेकायदा आहे, तो आपल्या कुलपात ठेवा. प्रोबेशनमध्ये दुसऱ्या मालकाकडे जायचे असल्यास एक महिन्याची, देश सोडायचा असल्यास १४ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. न सांगता निघून गेल्यास फरार म्हणून नोंद होते आणि पुढचा व्हिसा अडतो. नोकरी संपताना हिशेब १४ दिवसांत चुकता करण्याचे बंधन मालकावर आहे, परंतु व्हिसा रद्द करण्याच्या कागदावर "माझे सर्व येणे मिळाले" असे वाक्य असते. रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका. आणि हॉटेलच्या लेटरहेडवरील अनुभवाचा दाखला त्याच दिवशी, पासपोर्टाप्रमाणेच स्पेलिंग आहे का हे तपासून, हातात घ्या.