पॉइंट टू-टू रायफलच्या नळीतला चिवट कार्बन: तो काढावा कसा आणि पुन्हा साचू देऊ नये कसा

पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची रायफलने खेळल्या जाणाऱ्या पन्नास मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. श्वास, पकड आणि ट्रिगर सगळे जुळून आले आणि तरीही एखादी गोळी कारण नसताना आठात किंवा नवात गेली, की नेमबाज स्वतःला दोष देऊ लागतो, प्रशिक्षक त्याची बैठक बदलून पाहतात आणि पालक आणखी महागडी काडतुसे आणतात. पुष्कळदा या तिघांचाही काही दोष नसतो. दोष असतो तो चेंबर (काडतूस बसते ती जागा) संपून रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचा) सुरू होते तिथल्या जेमतेम काही मिलिमीटरच्या पट्ट्यात, जिथे कार्बनचे कडे धरलेले असते. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिक कांस्यपदक आणणारे स्वप्नील कुसाळे या कोल्हापूरच्या दोन नेमबाजांनी हा प्रकार आपल्याकडे घरोघरी पोहोचवला. रायफलची नळी साफ करण्याचे ज्ञान मात्र अजूनही ऐकीव गोष्टींवरच चालते, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी नळीचे नुकसान करणाऱ्या आहेत.

आधी हे कडे धरते कसे, ते समजून घ्यावे. पॉइंट टू-टूची गोळी साधारण २.६ ग्रॅम वजनाची, मऊ शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो. गोळी पुंगळीतून, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचातून, सुटते त्या क्षणी तप्त वायू पुंगळीच्या तोंडापुढच्या जागेत घुसतो आणि जळलेल्या दारूची काजळी, वितळलेले मेण आणि पुंगळीच्या कडेत भरलेल्या स्फोटक मिश्रणाचे अवशेष तिथेच सोडतो. या मिश्रणात बहुधा काचेची बारीक पूड असते, त्यामुळे साचणारा थर नुसती काजळी राहत नाही. पुढची प्रत्येक गोळी त्याला भाजते आणि दाबून बसवते. काही शेकडा काडतुसांनंतर तिथे काळे, चकचकीत आणि अतिशय कठीण कडे तयार होते, आणि प्रत्येक गोळी रायफलिंगमध्ये शिरण्याआधी त्या कड्यावरून खरवडत जाते. नळीच्या उरलेल्या लांबीत असे काही होत नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की या रायफलची पूर्ण नळी घासघासून काढणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. खरे काम त्या एका पट्ट्यात आहे.

कडे धरले आहे हे ओळखण्यासाठी नळीच्या आत पाहण्याचा महागडा बोअरस्कोप असलाच पाहिजे असे नाही, असला तर उत्तमच. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बंद करताना काडतूस शेवटच्या टप्प्यात नेहमीपेक्षा जड जाऊ लागते. रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून, न झाडलेले काडतूस सावकाश बाहेर काढून पाहावे. सामन्याच्या रायफलीत चेंबर घट्ट असल्यामुळे गोळीवर रायफलिंगचे छोटे उभे ठसे उमटतात, ते स्वाभाविक आहेत. पण गोळीभोवती गोल फिरलेला ओरखडा किंवा एका रेषेत खरवडलेले मेण दिसले, तर कडे आहे असे समजावे.

पहिला टप्पा: रायफल रिकामी असल्याची खात्री करावी, बोल्ट काढून बाजूला ठेवावा, रायफल स्टँडवर नळीचे तोंड किंचित खाली राहील अशी बसवावी आणि चेंबरमध्ये बोअर गाइड, म्हणजे सफाईचा रॉड नळीच्या मधोमध राखणारी नळी, घालावा. गाइडशिवाय रॉड आत घालूच नये, यावर तडजोड नाही.

दुसरा टप्पा: सॉल्व्हंटने (घाण विरघळवणाऱ्या द्रवाने) भिजवलेले दोन-तीन पॅच (कापडाचे छोटे तुकडे) चेंबरकडून तोंडाकडे ढकलून सुटी घाण आणि मेण काढून टाकावे.

तिसऱ्या टप्प्यावर बहुतेकांचे काम फसते आणि माझेही कितीतरी तास याच टप्प्यावर गेले आहेत, म्हणून तो सविस्तर सांगतो. रूढ पद्धत अशी, की ब्रशवर सॉल्व्हंट शिंपडायचे आणि लगेच जोर लावून नळीत पुढे-मागे घासायचे. असे केल्याने सॉल्व्हंट उतारावरून वाहून जाते, कड्यावर ते क्षणभरही टिकत नाही, ब्रश रायफलिंगच्या उंच भागांवर झिजतो आणि कडे जिथल्या तिथे राहते. पातेल्याच्या तळाला करपलेले दूध घासून निघत नाही, ते पाण्यात भिजवून ठेवावे लागते. इथेही भिजू देण्यालाच महत्त्व आहे, जोराला नाही.

त्यासाठी एक जुना, झिजून बारीक झालेला ब्रश घ्यावा, त्याभोवती सुती पॅच गुंडाळावा आणि कार्बनसाठी बनवलेल्या सॉल्व्हंटमध्ये तो पूर्ण भिजवावा. हा ओला बोळा चेंबरमधून हळूच पुढे सरकवावा. रायफलिंग सुरू होते तिथे हाताला अडकल्यासारखे जाणवते, तिथेच थांबावे. मग रॉड तसाच ठेवून पंधरा मिनिटे हात लावू नये. बोळ्यामुळे द्रव कड्याला चिकटून राहतो, वाहून जात नाही, आणि सगळा फरक इथेच पडतो. बाटलीवर याहून कमी वेळ लिहिलेला असला, तरी जुन्या कड्याला तो पुरत नाही असे मला आढळले आहे; पण रात्रभर ठेवणेही योग्य नाही, कारण द्रव मागे झिरपून ट्रिगरमध्ये आणि लाकडी दस्त्याच्या पॉलिशमध्ये गेला तर नवेच काम वाढते.

पंधरा मिनिटांनी बोळा काढून नवा ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये भिजवून घ्यावा. इथे एक बारीक गोष्ट आहे. चांगल्या रॉडच्या मुठीत बेअरिंग असते, त्यामुळे ब्रश रायफलिंगच्या वळणाप्रमाणे आपोआप फिरतो. नळी साफ करताना हा गुण आहे, पण कडे गोलाकार असल्यामुळे इथे ब्रश जागच्या जागी फिरवावा लागतो, आणि बेअरिंगवाली मूठ नुसतीच फिरत राहते, ब्रश हलत नाही. म्हणून या कामासाठी बेअरिंग नसलेला वेगळा रॉड ठेवावा. ब्रश कड्याच्या जागी नेऊन आठ-दहा वेढे सावकाश फिरवावेत, फिरवण्याची दिशा ब्रश घट्ट होत जाईल अशीच असावी, नाहीतर तो रॉडवरून सुटून आत अडकतो. त्यानंतर ब्रश तिथूनच मागे ओढू नये. तो पूर्ण पुढे ढकलून नळीच्या तोंडातून बाहेर काढावा, तिथे रॉडवरून उलगडावा आणि रिकामा रॉड मागे घ्यावा, कारण बाहेर आलेला ब्रश परत ओढताना रॉड तोंडाच्या कडेवर घासला जातो आणि त्या कडेवरचा एक ओरखडा कार्बनपेक्षा कितीतरी महाग पडतो.

आता कोरडा पॅच चालवून पाहावा. तो गडद तपकिरी-काळा निघाला, तर सॉल्व्हंट काम करत आहे. भिजवणे आणि फिरवणे पुन्हा एकदा करावे. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या नळीला तीन-चार फेऱ्या लागू शकतात आणि त्या एकाच दिवशी उरकण्याची घाई नसावी. पॅच राखाडी निघू लागला आणि त्या जागी जाणवणारा अडथळा सौम्य झाला, की थांबावे.

चौथा टप्पा: कोरडे पॅच स्वच्छ निघेपर्यंत चालवावेत, चेंबर वेगळ्या पॅचने पुसावे आणि सॉल्व्हंटचा अंश कुठेही राहू देऊ नये.

काय करू नये, हेही तितकेच स्पष्ट सांगतो. स्टीलचा ब्रश कधीही वापरू नये. घासणारी पेस्ट चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बोअरस्कोप हाताशी असलेल्या अनुभवी बंदूक कारागिराखेरीज कोणी ती वापरू नये, कारण रायफलिंगची सुरुवात एकदा झिजली की ती परत भरता येत नाही. अमोनियाचे सॉल्व्हंट तांब्याचा थर काढण्यासाठी असते. नुसत्या शिशाच्या गोळीने तांबे मागे राहतच नाही, मग त्याचा उपयोग काय? रॉकेलने मेण सैल होते, पण भाजलेल्या कार्बनवर त्याचा परिणाम नगण्य असतो. मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचा स्प्रे दस्त्याचे पॉलिश आणि प्लॅस्टिकचे भाग खराब करतो. नळीत खोबरेल तेल लावणारेही मी पाहिले आहेत. ते थंडीत गोठते आणि जुने झाले की चिकट होते.

प्रतिबंध याहून पुष्कळ सोपा आहे. सराव संपल्यावर नळी कोमट असतानाच, रायफल पेटीत ठेवण्याआधी, सॉल्व्हंटने ओला केलेला एक पॅच चेंबरच्या पुढच्या त्या पट्ट्यावर दाबून काही मिनिटे ठेवावा आणि मग तो पुढे ढकलून बाहेर काढावा. ताजा कार्बन इतक्यानेच निघतो. दर २०० ते २५० काडतुसांनंतर तिसऱ्या टप्प्यातली एक फेरी करावी, मग कडे कठीण होण्याइतका वेळच त्याला मिळत नाही. काडतुसांचा ब्रँड बदलताना तर आवर्जून करावी, कारण प्रत्येक कारखान्याचा लेप वेगळा असतो.

साफ केलेल्या नळीतून पहिल्या गोळ्या एका जागी बसत नाहीत, हे लक्षात असू द्यावे. मेणाचा पातळ थर पुन्हा तयार व्हायला दहा ते वीस गोळ्या लागतात, काही नळ्यांना त्याहून जास्त. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री नळी साफ करून सकाळी थेट मोजणीच्या गोळ्या झाडणे टाळावे. सफाई दोन-तीन दिवस आधी करून नंतर एक सराव घ्यावा.

कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कार्बनचा थर दमटपणा धरून ठेवतो आणि त्याखाली गंज सुरू झाला तर तो बाहेरून दिसत नाही. जून ते सप्टेंबर या काळात रायफल काही दिवस पेटीत राहणार असेल, तर ती आधी कार्बनमुक्त करावी, नळीत बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. झाडण्याआधी ते तेल दोन कोरड्या पॅचने पूर्ण पुसून काढावे. तेल राहिलेल्या नळीतून पहिल्या काही गोळ्या कुठे जातील याचा भरवसा नसतो.