स्वालबार्डला येणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या मंडळींसाठी : अस्वलाच्या मुलखात राहताना

स्वालबार्डमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या बेटांवर, राहून काम करण्यासाठी नॉर्वेचा परवाना लागत नाही, ही बातमी आता वाळवा, शिराळा, कराड भागात बरीच पसरली आहे आणि अधूनमधून आपल्याकडचे कोणी ना कोणी लाँगइयरब्येन या येथील मुख्य गावाच्या विमानतळावर उतरू लागले आहे. कोणी हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागतो, कोणी सफाईच्या कामावर, तर कोणी विद्यापीठ केंद्रात शिकायला येतो. येणाऱ्या प्रत्येकाला थंडीची धास्ती असते आणि पांढऱ्या अस्वलाचे कौतुक असते. थंडीचा बंदोबस्त चांगल्या कपड्यांनी होतो. अस्वलाच्या बाबतीत मात्र माहिती आणि शिस्त याखेरीज दुसरा इलाज नाही, म्हणून हे लिहीत आहे.

व्हिसाचे एका वाक्यात सांगतो. १९२० च्या तहामुळे त्यात सामील असलेल्या सर्व देशांच्या, म्हणजे भारताच्याही, नागरिकांना येथे सारखीच वागणूक मिळते, पण यावे लागते नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून, बहुधा ओस्लोमार्गे, आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाहेर आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा किमान दोनदा प्रवेशाचा असल्याशिवाय निघू नये, मग एजंट काहीही सांगो.

गाव संपते तेथे अस्वलाचे चित्र असलेली त्रिकोणी पाटी आहे आणि तिच्याखाली ही सूचना संपूर्ण स्वालबार्डला लागू असल्याचे लिहिलेले आहे. नवीन माणूस पाटीसमोर फोटो काढतो आणि अस्वलांचा प्रदेश येथून पुढे सुरू होतो असे समजतो. अस्वल पाटी वाचत नाही. ते गावातही आलेले आहे. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पिटाळून लावण्याचे योग्य साधन जवळ असलेच पाहिजे, असा येथे कायदा आहे. सामान्यतः आवाज व उजेड करणारे सिग्नल पिस्तूल आणि शेवटचा उपाय म्हणून रायफल नेतात. रायफलीसाठी सिसेलमेस्टर, म्हणजे येथील गव्हर्नर, यांच्या कार्यालयाची परवानगी लागते. ज्याने कधी बंदूक हाताळलेली नाही त्याने ती भाड्याने मिळते का याची चौकशी करण्यापेक्षा प्रशिक्षित माणसासोबतच बाहेर पडावे.

आपल्याकडे उसाच्या फडात बिबट्याची मादी पिल्ले घालते आणि ऊसतोड सुरू असतानाही बहुधा माणसाला टाळून निघून जाते. तो अनुभव घेऊन येणारे येथे फसतात. पांढरे अस्वल जवळजवळ पूर्णपणे मांसाहारी आहे, त्याला माणसाची उपजत भीती नाही, आणि अनोळखी वास आला की ते पळण्याऐवजी हुंगत जवळ येते. विशेषतः उपाशी, तरुण नर फार धोक्याचा असतो. २०२० च्या ऑगस्टमध्ये विमानतळाजवळच्या तळावर तंबूत झोपलेल्या एका माणसाचा अस्वलाने बळी घेतला; त्या अस्वलावरही गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते मेले. एका रात्रीत दोन जीव गेले, म्हणून तंबूत पहाऱ्याशिवाय झोपण्याची हौस कोणी करू नये आणि खाण्याचे पदार्थ किंवा खरकटे बाहेर ठेवू नये.

हा प्राणी जगतो कसा, हे नीट समजून घेतले तर येथील निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत. त्याचे सारे आयुष्य चरबीवर चालते. कातडी काळी, केस पारदर्शक व पोकळ, आणि कातडीखाली चरबीचा थर, जो चांगल्या दिवसांत दहा सेंटीमीटरपर्यंत जाडीचा होतो. ही चरबी येते सीलकडून, मुख्यतः वलयांकित सीलकडून आणि काही प्रमाणात दाढीवाल्या सीलकडून. सील श्वास घेण्यासाठी समुद्रावरील बर्फात भोके राखून ठेवतो. अस्वल वासावरून भोक हेरते आणि त्याच्या कडेला तासन्‌तास हालचाल न करता थांबते. मोकळ्या पाण्यात सीलला गाठणे त्याला सहसा जमत नाही; समुद्र गोठलेला असेल तरच शिकार होते आणि तेव्हाही बहुतेक प्रयत्न फुकट जातात. शिकार मिळाली की ते आधी चरबी खाते, मांस पुष्कळदा कोल्ह्यांसाठी आणि गल पक्ष्यांसाठी राहते. वसंत ऋतूत सीलची लठ्ठ पिल्ले असतात, त्या थोड्या आठवड्यांत वर्षभराची बेगमी करायची असते.

मादीचे गणित याहूनही काटेकोर आहे. समागम वसंतात होतो, पण फलित बीज गर्भाशयात रुजते ते शरद ऋतूत, आणि तोपर्यंत मादीने पुरेशी चरबी साठवलेली असेल तरच गर्भ वाढतो. मग ती बर्फात गुहा खणते. थंडीच्या ऐन मध्यावर जन्मलेले पिल्लू जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅमचे असते आणि आईच्या दुधात तीस टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो. मार्च-एप्रिलमध्ये गुहेबाहेर येईपर्यंत आई काही महिने काहीही खात नाही. पिल्ले पुढे सुमारे अडीच वर्षे तिच्याजवळ राहतात. (जगभर गळ्यात पट्टा बांधून ज्या अस्वलांचा माग घेतला जातो त्या माद्याच असतात, कारण नराची मान डोक्यापेक्षा जाड असल्याने पट्टा निसटतो. पट्टा माद्यांनाच का, असे नवीन मंडळी हमखास विचारतात.)

आता मुद्द्याचे, आणि हे मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो : अस्वलाच्या मागे जाऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे कायद्याने बंधनकारक आहे. साताऱ्याकडच्या एका हुशार मुलाने हे माहीत असूनही रीलसाठी स्नो स्कूटर, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, मादी आणि पिल्लामागे घातली. ती दोघे धावली, चित्रफीत गावाकडे हजारो लोकांनी पाहिली आणि येथेही पाहिली गेली. दंड भरता भरता त्याची बचत संपली आणि नोकरी सुटली. येथे सरकारी मदत नसते. ज्याला स्वतःचा खर्च भागवता येत नाही त्याला बेट सोडावे लागते, आणि तसे त्याला सोडावे लागले. आपली काही माणसे अजूनही म्हणतात की गोऱ्यांनी मुद्दाम त्रास दिला. हे मला मान्य नाही. नॉर्वेजियन माणूस कमी बोलतो, आवाज चढवत नाही, आणि त्यामुळे त्याचा नियम सैल आहे असा आपल्याकडच्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तो एकदाच सांगतो आणि नंतर कागद पाठवतो.

पाचशे मीटरचा आकडा कोणी टेबलावर बसून लहरीने ठरवलेला नाही. चरबी आणि दाट केसांमुळे धावणारे अस्वल लवकर तापते, म्हणून ते एरवी संथ चालते. त्याला पळवले की साठवलेली चरबी जळते, आणि ऐन शिकारीच्या दिवसांत भोकाजवळची तासाभराची वाट पाहणी वाया जाते. पिल्लू लहान असेल तर आईपासून चुकते.

आणि त्याची बेगमी आधीच कमी होत चालली आहे. ध्रुवीय समुद्रावरील सप्टेंबरमधील बर्फ १९७९ पासून उपग्रहांनी मोजला जातो आणि तो एकंदरीत आक्रसत आला आहे. २०१२ साली तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला, तो अद्याप नीचांक आहे. स्वालबार्डलगतच्या आपल्या बॅरेंट्स समुद्रात तर बर्फाचा हंगाम विशेष वेगाने आखडला आहे. स्वालबार्डच्याच होपेन बेटावर पूर्वी माद्या गुहेसाठी जात असत, पण शरद ऋतूत बर्फ उशिरा पोहोचला की त्यांना तेथे जाता येत नाही. अस्वल उत्तम पोहते, पण त्याची किंमत मोजावी लागते : २००८ साली अलास्काजवळच्या ब्यूफर्ट समुद्रात एक मादी नऊ दिवस सलग पोहून ६८७ किलोमीटर गेली आणि पुढे दोन महिन्यांत तिचे पिल्लू आणि शरीराचे २२ टक्के वजन गेले.

येथील काही लोक, त्यात आपलेही आले, सांगतात की अस्वल आता बदकांची अंडी आणि रेनडिअर खाऊन निभावून नेईल. स्वालबार्डची अस्वले हे खातात, हे खरे आहे, आणि १९७३ साली नॉर्वेने शिकार बंद केल्यापासून सावरलेली येथील संख्या अजून कोसळलेली नाही, हेही खरे. परंतु कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात जमिनीवर अडकलेल्या २० अस्वलांचा अभ्यास झाला, तेव्हा काहींनी बोरे, पक्षी, हाडे असे मिळेल ते खाऊनही १९ अस्वलांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे एक किलोने घटले. त्याच भागातील अंदाजे संख्या २०१६ मधील ८४२ वरून २०२१ मध्ये ६१८ वर आली. सीलच्या चरबीची भरपाई अंड्यांनी होत नाही.

दुसरे संकट डोळ्यांना दिसत नाही. पीसीबीसारखी जुनी औद्योगिक रसायने वारा आणि सागरी प्रवाह यांच्याबरोबर येथवर येतात, चरबीत साठतात, आणि मासा, सील, अस्वल अशी प्रत्येक पायरीवर वाढत जातात. उपवासात आईची चरबी वितळली की ती दुधातून पिल्लात उतरतात. जहाजांची वाढती ये-जा हा तिसरा प्रश्न आहे. तेल सांडले आणि केसांना लागले तर त्यांची ऊब जाते.

बाकीचे थोडक्यात. घरात आणि बऱ्याच हॉटेलांतही पादत्राणे दाराशी काढतात, त्यामुळे चांगले मोजे आणावेत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. झोपेची वेळ पाळावी आणि दारूची संगत टाळावी. प्रसूतीची सोय येथे नाही, आधीच मुख्य भूमीवर जावे लागते. मांजर आणण्यास बंदी आहे. हळद, काळा मसाला घरून आणला तर उत्तम.

मार्चमध्ये उजेड परतला की सगळ्यांना स्कूटर काढण्याची घाई होते, आणि नेमक्या त्याच वेळी माद्या पिल्लांना घेऊन गुहेतून उतरतात. काही फ्योर्डांच्या, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांच्या, गोठलेल्या पृष्ठभागावर तेव्हा स्कूटरला बंदी असते. मागच्या वर्षी कोणी कोठून गेले हे ऐकून निघू नये. गव्हर्नरांच्या कार्यालयाची चालू सूचना पाहावी, परत येण्याची वेळ शेजाऱ्याला सांगावी आणि सिग्नल पिस्तूल पिशवीत नव्हे, हाताशी ठेवावे.