थायरॉईडच्या गाठीचा रिपोर्ट कसा वाचायचा

थायरॉईडमध्ये सापडणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात. आपली त्यांतली आहे का, हे कळायला तीन रिपोर्ट क्रमाने वाचा.

आधी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला हार्मोन बनवायला लावणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी. तो कमी असेल तर सुईने पेशी काढण्याआधी आयसोटोप स्कॅन (किरणोत्सर्गी औषध देऊन गाठ हार्मोन बनवते का ते पाहणं) करतात, कारण स्वतःच हार्मोन बनवणारी 'हॉट' गाठ क्वचितच कॅन्सरची निघते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याच्या किमान दोन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर लॅबला विचारा. बऱ्याच लॅबच्या पद्धतीत बायोटिन आड येतं आणि टीएसएच खोटाच कमी दिसतो.

मग सोनोग्राफीतला टिरॅड्स, म्हणजे गाठ किती संशयास्पद दिसते त्याचे गुण. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या 2017 च्या पद्धतीत गाठ भरीव असली तर 2 गुण, ग्रंथीपेक्षा काळसर असली तर 2, मानेच्या आडव्या छेदात रुंदीपेक्षा उंच असली तर 3, आत बारीक पांढरे ठिपके असले तर 3. बेरीज 7 किंवा जास्त म्हणजे टीआर5, सर्वांत संशयास्पद गट. सुई कधी, तर टीआर5 ला 1 सेंमीपासून, टीआर4 ला 1.5, टीआर3 ला 2.5. त्याखाली सहसा नुसतं लक्ष ठेवतात. मात्र मानेत संशयास्पद अवधाण (सुजलेली लसिका ग्रंथी) असेल किंवा आवाज बसला असेल, तर आकार न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा.

या मर्यादा उगाच नाहीत. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि 2011 मध्ये थायरॉईड कॅन्सरचं निदान 1993 च्या सुमारे 15 पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. ऑपरेशनं झाली, जन्मभराच्या गोळ्या लागल्या. याचं वाईट वाटतं.

शेवटी एफएनएसी, म्हणजे सुईने काढलेल्या पेशींची तपासणी. तिचा निकाल बेथेस्डा पद्धतीच्या 1 ते 6 गटांत देतात. इथे सर्वाधिक गैरसमज 1 चा होतो. '1' म्हणजे 'कॅन्सर नाही' असं नव्हे, नमुना अपुरा आला. साधारणपणे दहा-दहा पेशींचे किमान सहा पुंजके लागतात. सुईत नुसतं रक्त आलं की ते मिळत नाहीत. सुई परत करावी लागते. 2 म्हणजे साधी गाठ. 4 (फॉलिक्युलर गाठीचा संशय) आला तर सुईवरून निकाल लागतच नाही. फॉलिक्युलर कॅन्सर ओळखायचा तर पेशी गाठीचं आवरण फोडून बाहेर गेल्यात का ते पाहावं लागतं, आणि सुईत आवरण येत नाही. म्हणून बऱ्याचदा अर्धी ग्रंथी काढून तपासतात.

6 (म्हणजे कॅन्सर) आला, गाठ 1 सेंमीच्या आत आहे आणि ती श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला चिकटलेली नाही, अवधाणंही नाहीत, तर सर्जनला थेट विचारा: ऑपरेशन न करता सोनोग्राफीवर लक्ष ठेवता येईल का? जपानमधल्या कोबे इथल्या कुमा हॉस्पिटलमध्ये 1993 पासून असं करतात.